यावंस, असं वाटतं

मैत्रिणींनो, कैरीच्या लोणच्याबद्दल या आठवड्यात लिहीन असं मी कबूल केलं होतं. ते पुढच्या अंकात नक्की. आज मात्र एक वेगळाच विषय डोक्यात घोळतोय. विषय तसा व्याकरणाचा आहे, पण पान उलटू नका हं! हे व्याकरण तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातलंच आहे.

झालं असं, की सुटीत माझी पुतणी पुण्याहून देवगावला आली. तिनं तिकडे स्पॅनिश भाषेचा वर्ग लावलाय. दुपारी मी शेंगा फोडत बसले होते आणि ही बाजूला पुस्तक घेऊन पुटपुटत होती. मध्येच वही आपटून म्हणाली, "काकू, कसली ही भाषा! साधी माहिती सांगायची तर क्रियापद एक आणि मनातलं सांगायचं तर वेगळंच!"

म्हटलं, "दाखव बघू."

तिनं दाखवलं. 'नो मे यामास' म्हणजे 'तू मला फोन करत नाहीस'. ही झाली नुसती बातमी. पण 'तू फोन करत नाहीस, याचं मला दुःख होतं' असं म्हणायचं असेल तर 'मे दुएले के नो मे यामेस'. 'यामास'चं 'यामेस' झालं. एका मात्रेचा फरक! फोन येत नाही ही गोष्ट तीच. पण बोलणारीच्या मनाला ती लागली, की क्रियापदाचं रूप बदललंच पाहिजे. इच्छा, आशा, भीती, आनंद, दुःख, शंका यांपैकी काहीही पुढे आलं आणि ते दुसऱ्या कुणाच्या वागण्याबद्दल असलं, की हे दुसरं रूप वापरायचं. तिकडे त्याला सबजंक्टिव्ह म्हणतात.

मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, हे तर तू बोलायला लागल्यापासून करतेयस. आपला विध्यर्थ तो!"

शाळेत शिकलेलं आठवतंय ना? क्रियापदाचे चार अर्थ : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'तो येतो' हा स्वार्थ, 'तू ये' हा आज्ञार्थ, 'त्यानं यावं' हा विध्यर्थ आणि 'तो आला असता तर' हा संकेतार्थ. आपण मार्कांपुरतं पाठ केलं नि सोडून दिलं. मोरो केशव दामल्यांनी 1911 साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा केवढा मोठा ग्रंथ लिहिला (कवी केशवसुतांचे हे भाऊ, बरं का), पण तो उघडायला आपल्याला सवड कुठली! तरी त्यातला हा विध्यर्थ आपल्या जिभेवर अखंड नांदतो.

आता पाहा. 'मला वाटतं, तो येईल' म्हटलं तर तो आपला अंदाज. 'मला वाटतं, तो यावा' म्हटलं, की ती आपली इच्छा. 'वाटतं' शब्द तोच, पण पुढचं क्रियापद बदललं नि आतलं मन उघडं पडलं.

दुःखाचं तर विचारूच नका. 'माझा भाऊ मला असं बोलला' ही तक्रार झाली. पण 'माझ्या सख्ख्या भावानं मला असं बोलावं!' म्हटलं की ऐकणारीच्या डोळ्यांत पाणी. वास्तविक भाऊ बोलून गेलेला असतो, त्यात इच्छा नाही की आज्ञा नाही. तरीही आपण 'बोलावं' म्हणतो, कारण आपल्याला घटना सांगायचीच नसते, ती मनाला कुठे लागली ते सांगायचं असतं. अगदी त्या स्पॅनिश बायांसारखंच! फरक एवढाच, की आनंद झाला तरी त्यांना तेच रूप लागतं. आपण मात्र 'तू आलीस, बरं वाटलं' असं सरळ म्हणून मोकळ्या होतो.

आणखी एक गंमत. 'असं होवो' म्हणायला स्पॅनिशमध्ये एक शब्द आहे : 'ओहाला'. तो मूळचा अरबीतला. 711 पासून 1492 पर्यंत स्पेनच्या कमीजास्त भागावर अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं, तेव्हाचा तो मागे राहिलेला पाहुणा. 'अल्लानं इच्छिलं तर' हा त्याचा मूळ अर्थ. त्याच्यामागून क्रियापद यायचं ते या इच्छेच्या रूपातच. हे ऐकलं नि मला शेजारच्या खाला आठवल्या. आभाळ भरून आलं की त्या दारात उभ्या राहून म्हणतात, "अल्ला करे, बारिश हो जाए!" आणि ओट्यावरून आमच्या सासूबाई म्हणतात, "पडावा गं माय एकदाचा!" 1327 साली महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी आमच्या जिल्ह्यातल्या दौलताबादला आणली, तेव्हापासून या दोन बोली इकडे शेजारी राहिल्यात. पण पावसासाठी जीव टांगणीला लागला, की दोघींचं क्रियापद एकाच वाटेनं जातं.

इथपर्यंत सगळं गोड झालं. पण मैत्रिणींनो, विध्यर्थाला दुसरी बाजूही आहे. 'विधी' म्हणजे कर्तव्य, नियम. 'सुनेनं लवकर उठावं.' 'मुलींनी मोठ्यानं हसू नये.' 'बाईच्या जातीनं सोसावं.' हाही विध्यर्थच! मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत मराठी शिकवते. आठवीच्या वर्गाला मी विध्यर्थी क्रियापदाची पाच वाक्यं लिहायला दिली. वह्या तपासताना पाहिलं, तर बहुतेक मुलींनी नियमच लिहिले होते : आईला मदत करावी, उलट बोलू नये, वेळेवर घरी यावं. एकीनं मात्र शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आईनं एकदा तरी माझ्याजवळ नुसतं बसावं.' मी त्या वाक्यावर बरोबरची खूण केली आणि बराच वेळ पुढची वही उघडू शकले नाही.

आपण लहानपणापासून विध्यर्थ ऐकतो तो असा, दुसऱ्यांनी आपल्यासाठी ठरवलेला. स्वतःच्या इच्छेसाठी तो वापरायची आपल्याला सवयच नाही. मग मनातलं बाहेर येतं ते आज्ञेच्या रूपात, नाहीतर टोमण्याच्या. यजमानांना उशीर झाला की 'आठवण आली वाटतं घराची!' मुलाला 'ठेव तो मोबाईल!' आणि बहिणीला 'तू कशाला येशील आमच्याकडे!' तिन्हींच्या पोटात एकच वाक्य असतं : तू माझ्याजवळ असावंस, असं मला वाटतं. तेवढं सोडून बाकी सगळं आपण बोलतो.

म्हणून थोडी सवय करून पाहा. एक, रागाचं वाक्य तोंडावर आलं की क्षणभर थांबून मनाशी विचारा, मला नक्की काय व्हावंसं वाटतंय? दोन, ते वाक्य 'मला' पासून सुरू करा, 'तू' पासून नको. 'तू कधीच वेळेवर येत नाहीस' याऐवजी 'तुम्ही जेवायला सोबत असावं असं मला वाटतं' म्हणून बघा. तीन, दुखलं असेल तर दुखलं म्हणा. त्यात कमीपणा नाही. आणि चार, सुनेला किंवा मुलीला दिवसातून एकदा तरी विचारा, 'तुला काय करावंसं वाटतं?' विचारून झाल्यावर उत्तर ऐकायला थांबा मात्र.

उपदेश सोपा असतो हो! म्हणून माझंच सांगते. माझी थोरली बहीण वैजापूरला असते. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ती आली नाही. आठ महिने मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. पुतणीनं ते 'यामेस' शिकवलं त्या संध्याकाळी मी फोन उचलला आणि म्हटलं, "ताई, माझ्या घरच्या पहिल्या कार्याला तू येऊ नयेस, याचं मला फार लागलं. आता तरी चार दिवस राहायला यावंस, असं वाटतं."

पलीकडे काहीच आवाज नाही. मग ती हळूच म्हणाली, "नुसती छापील पत्रिका आली गं. तुझा फोन नाही, दोन ओळी नाहीत. मला वाटलं, मी यावं असं तुला वाटत नसावं."

म्हणजे ती तिकडे हेच वाक्य धरून बसली होती आणि मी इकडे!

शनिवारी ताई येतेय. कैऱ्या तीच आणणार आहे तिच्या शेतातल्या. तेव्हा लोणचं पुढच्या अंकात, दोघींच्या हातचं.