मार्कंडा येथील देवालय

युरोपांतील खेड्यांत अकराव्या-बाराव्या शतकांतलीं रोमनेस्क प्रार्थनामंदिरें आढळतात: जाड भिंती, चिमुकल्या खिडक्या, अर्धवर्तुळ कमानी. त्याच सुमारास आमच्या विदर्भांतील पाथरवटहि स्वस्थ बसले नव्हते! सौंदडच्या आमच्या तालुक्यांतून वाहणारी चुलबंद वैनगंगेस मिळते. त्या वैनगंगेच्याच कांठीं, खालीं चामोर्शीजवळ, मार्कंड्याचीं देवळें आहेत. नदी तेथें उत्तरवाहिनी होते. कनिंगहॅम साहेबांनीं १८७३-७५ च्या दौऱ्यांच्या अहवालांत त्यांचें वर्णन केलें आहे.

मूळच्या बांधणींत कमान नाहीं. स्तंभ, त्यांवर तुळया, आणि थरावर थर पुढें सारीत मिटविलेलें छत. सारा भार सरळ खालीं उतरतो. पुढें वीज पडून मुख्य शिखर ढासळलें व कोणा गोंड राजानें दुरुस्ती करविली, असें सांगतात. ते ओबडधोबड आधार पाहून रसिक नाकें मुरडतील. आम्ही मुरडणार नाहीं. जुन्या कोरीवकामाची खोटी नक्कल न करतां त्यानें छत तोलून धरलें, हें थोडें काय?

महाशिवरात्रीच्या यात्रेस जाणाऱ्या वाचकांनीं दर्शनानंतर बाहेरील भिंतींवरील मूर्तीहि सावकाश पाहाव्या. शेंदराचीं बोटें मात्र त्यांवर उमटवूं नयेत.