ठोसा कुणाचा, सवय कुणाची?

मे २०१५. आमच्या ऑफिसात चक्क दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक मेवेदरवाले, दुसरे पॅकियाववाले. मी अर्थातच मॅनी पॅकियावचा! आठ वजनगटांत जगज्जेता झालेला, गरिबीतून वर आलेला फिलिपिनो पठ्ठ्या. समोर फ्लॉइड मेवेदर. ४७ लढतींत एकदाही न हरलेला, पण बघायला महाबोअर (माझं मत हं!). पैज काय, तर अख्ख्या टीमला मिसळ.

माझं अ‍ॅनालिसिस एका वाक्याचं होतं. 'मॅनी ठोशांचा पाऊस पाडतो, तोच जिंकणार.' शाळेत बॉक्सिंग खेळलेला अकाउंट्समधला मित्र हसला. म्हणाला, 'अरे, कोण किती मारतो ते सोड. कुणाचा ठोसा कुणाच्या सवयीवर पडतो ते बघ.'

कॅण्टीनमध्ये त्याने मला समोर उभंच केलं. मॅनी डावखुरा, सरळ डावा ठोसा हा त्याचा हुकमी एक्का. पण तो मारायला मॅनी झपकन आत शिरतो आणि त्या क्षणी त्याची हनुवटी उघडी पडते. डावखुऱ्याविरुद्ध सरळ उजव्या ठोशाला रस्ता मिळतो, आणि मेवेदरचं तर तेच लाडकं हत्यार. वर हातांचा पल्ला पाच इंचांनी जास्त. डिसेंबर २०१२मध्ये मार्केझने असंच आत येणाऱ्या मॅनीला उजव्या ठोशाने सहाव्या राउंडमध्ये आडवं केलं होतं. ती फाइट मी पाहिली होती, बरं का! पण आवडत्या माणसाचा वीक पॉइंट आपण किती सोयीस्करपणे विसरतो!

रविवारी सकाळी लास वेगासची लढत टीव्हीवर सुरू झाली. चौथ्या राउंडमध्ये मॅनीचा डावा बसला, मेवेदर दोरांना टेकला आणि मी सोफ्यावर उभा! पण तेवढंच. बारा राउंड संपले, तिन्ही जजनी कौल मेवेदरला दिला. आकडे तर माझी खिल्लीच उडवत होते. मेवेदरने मारले ४३५ ठोसे, मॅनीने ४२९. बसले मात्र १४८ विरुद्ध ८१. पाऊस कसला, शिडकावा!

मॅनीचा उजवा खांदा आधीच दुखावलेला होता, हे नंतर कळलं. मला निमित्त मिळालं, पण खरं सांगू? मी खांदाच काय, काहीच पाहिलं नव्हतं. फक्त मॅनी आवडत होता.

आता फाइटच्या आधी मी आवडत्या खेळाडूचे पराभव पुन्हा बघतो. तुम्हीही बघा. चीअर मनापासून करा, पण पैज डोळे उघडे ठेवून. आमच्या टीमला अजून त्या मिसळीची चव आठवते. मला बिल!