बोगट वाया गेला नाही

आमच्या परंदवडीची बरीच पोरं शाळेसाठी सोमाटणे फाट्याकडे आणि तळेगावला जातात. गहुंज्याचं स्टेडियम जवळ असल्यामुळे क्रिकेट घरोघरी आहे, पण अलीकडे बास्केटबॉलचं वेडही शिरलं आहे. ते आलं मोबाइलमधून. अमेरिकेतल्या एनबीएच्या क्लिपा ही पोरं तोंडपाठ करतात. त्यातूनच हल्ली एक वाक्य सारखं कानावर येतं : ‘‘काका, पहिल्या नंबरवर घेतलेला सगळ्यात गंडलेला प्लेअर म्हणजे अँड्र्यू बोगट.’’ ज्याने हा ऑस्ट्रेलियन सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) पूर्ण सामनाभर कधी पाहिला नाही, तोही हे छातीठोकपणे सांगतो. मला हे मत चुकीचं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे ते आपल्याकडच्या उंच मुलांचं नुकसान करतं, म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

आधी विरोधकांची बाजू पुरी मांडतो. जून २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, मिलवॉकी बक्सने बोगटला सगळ्यात आधी निवडलं. पहिल्या क्रमांकाचा मान मिळालेला तो पहिला ऑस्ट्रेलियन. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर डेरॉन विल्यम्स गेला, चौथ्यावर ख्रिस पॉल. बोगटची कारकिर्दीतली सरासरी सामन्यामागे दहा गुणांच्याही आत राहिली. दुखापतींनी त्याला वारंवार बाहेर बसवलं. २०१५ च्या अंतिम मालिकेत तर प्रशिक्षकाने त्याला सुरुवातीच्या पाचांतून काढलं आणि संघ त्यानंतरच विजेता झाला. मग या माणसाचा उपयोग काय झाला?

पॉलबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे. त्या पिढीतला तो थोर खेळाडू आणि आज कुणीही त्यालाच आधी घेईल. पण पॉल मोठा ठरला म्हणून बोगट फसला, हा निष्कर्ष निघतो कुठून?

दुखापतीकडे बघू. २००८-०९ मध्ये बक्सनी ३४ सामने जिंकले होते; पुढच्या मोसमात ४६. त्या मोसमात बोगटने सामन्यामागे जवळपास सोळा गुण आणि दहा रिबाउंड काढले. ३ एप्रिल २०१० ला फीनिक्स सन्सविरुद्ध डंक मारून रिंगला लटकला असताना मागून धक्का बसला आणि तो उजव्या हातावर कोसळला. हाताचं हाड मोडलं, कोपर निखळलं, मनगट मुरगळलं. बोगटशिवाय खेळलेल्या बक्सनी प्लेऑफच्या पहिल्या फेरीत अटलांटाला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवलं, आणि हरले.

यापुढचा मोसम टीकाकार सांगत नाहीत. ते कोपर पूर्ववत झालं नव्हतं. फ्री थ्रो मारायला हात नीट सुटत नव्हता. यशाचं प्रमाण चव्वेचाळीस टक्क्यांवर घसरलं. अशा हाताने त्याने २०१०-११ मध्ये सामन्यामागे २.६ ब्लॉक काढले आणि अख्ख्या एनबीएत त्या यादीत पहिला आला. शॉट गेला, तरी समोरच्याचे शॉट अडवायचं त्याने सोडलं नाही. त्याला कुणी ‘काचेचा’ म्हटलं की मला संताप येतो.

मार्च २०१२ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी आपला लाडका स्कोअरर मॉन्टा एलिस देऊन बोगटला घेतलं. तेव्हा तो घोट्याच्या दुखापतीने बाहेर होता. काही दिवसांनी संघाचा जुना खेळाडू ख्रिस मलिन याची जर्सी निवृत्त करण्याचा सोहळा झाला, त्यात प्रेक्षकांनी संघाचे मालक जो लेकब यांची हुर्यो उडवली. गुण काढणारा दिला आणि लंगडणारा आणला, हा त्यांचा राग. म्हणजे आज आमची पोरं जे म्हणतात, तेच तेव्हा वॉरियर्सचे ओकलंडमधले प्रेक्षक म्हणत होते. तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच संघाने ४० वर्षांनंतर विजेतेपद मिळवलं.

त्यात बोगटचं काम काय होतं, ते एका चालीत पाहा. फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाशी तो चेंडू घेऊन उभा आहे. तोंड रिंगकडे नाही, धावणाऱ्या साथीदारांकडे. बाजूने स्टीफन करी धावत येतो, त्याच्या खांद्याला घासून जातो, जाताजाता चेंडू हातातल्या हातात घेतो. करीच्या मागे लागलेला रक्षक थेट बोगटच्या छातीवर आदळतो. करीला अर्धा सेकंद मोकळा मिळतो आणि त्याला तेवढाच पुरतो. दोघे रक्षक घाबरून करीवर धावले, तर बोगट चेंडू देतच नाही. मागून रिंगकडे घुसणाऱ्याला टप्पा पास देतो. पहिल्या वेळी तीन गुण करीच्या नावावर, दुसऱ्या वेळी दोन गुण तिसऱ्याच कुणाच्या. त्याचे स्क्रीन (रक्षकाला अंगाने अडवणं) हलते असतात, ही प्रतिस्पर्ध्यांची तक्रार काही वेळा खरीही होती. पण ज्या आडव्या भिंतीवरून करीचे तीन गुण निघत होते, ती भिंत गुणांच्या रकान्यात येत नाही. कबड्डीत साखळी धरताना घोटा पकडणाऱ्याच्या नावाने टाळ्या पडतात, दुसऱ्याने पुढे येऊन परतीची वाट बंद केली नसती तर चढाईपटू निसटला असता, हे मावळातल्या पोरांना सांगावं लागत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र तीच पोरं ते विसरतात.

बचावातही तसंच. मागे बोगट आहे म्हणून पुढचे रक्षक चेंडू हिसकावायला धीटपणे झेपावत. त्या विजेत्या मोसमात वॉरियर्सनी ६७ सामने जिंकले, त्यांचा बचाव एनबीएत सर्वोत्तम ठरला आणि बोगटची निवड लीगच्या दुसऱ्या बचाव संघात झाली.

आता २०१५ च्या अंतिम मालिकेतला तो चौथा सामना. क्लीव्हलँड २-१ ने पुढे असताना प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी बोगटच्या जागी आंद्रे इग्वोदालाला उतरवलं, संघ वेगवान झाला आणि पुढचे तिन्ही सामने जिंकला. तो निर्णय त्या प्रतिस्पर्ध्यापुरता अचूक होता. त्यातून ‘सेंटरचा काळ संपला’ असा सिद्धान्त काढणाऱ्यांनी पुढचं वर्ष बघावं. त्याच कर यांनी बोगटला पुन्हा सुरुवातीच्या पाचांत ठेवलं आणि संघाने ७३ सामने जिंकून विक्रम केला. अंतिम मालिकेत ३-१ ने पुढे असताना पाचव्या सामन्यात बोगटचा गुडघा गेला. शेवटचे दोन सामने तो खेळला नाही, वॉरियर्सनी मालिका गमावली. केवळ त्याच्यामुळे हरले, असं मी म्हणणार नाही. पाचव्या सामन्यात ड्रेमंड ग्रीनवरही बंदी होती. पण मोठा माणूस नसला की संघ सुधारतो, हे तरी आता कुणी म्हणू नये.

कर यांना सेंटरचं मोल ठाऊक होतं, त्याला कारण आहे. १९९६ ते १९९८ या तीन विजेत्या वर्षांत शिकागो बुल्समध्ये त्यांच्या शेजारी ल्यूक लाँगली खेळत होता, एनबीएत पोहोचलेला पहिला ऑस्ट्रेलियन आणि तोही सेंटरच. मायकल जॉर्डनच्या सावलीत त्याचंही नाव झाकलं गेलं.

हा वाद मला परंदवडीत का घालावासा वाटतो? तळेगावकडच्या एका शाळेच्या मैदानावर मी पाहिलं आहे : वर्गातला सगळ्यात उंच मुलगा रिंगखाली उभा केला जातो आणि त्याला एकच सांगितलं जातं, ‘‘हात वर ठेव.’’ त्याला पास शिकवत नाहीत, स्क्रीन कसा लावायचा, पाय कुठे रोवायचे हे दाखवत नाहीत. महिन्याभरात तो कंटाळतो, आणि मग त्याच्यात जिद्द नाही असं ठरतं. पंजाबच्या बल्लो के गावचा सव्वासात फुटांच्या आसपास उंचीचा सतनाम सिंग २०१५ मध्येच ड्राफ्टमध्ये निवडला गेला, तो मान मिळालेला पहिला भारतीय. पण एनबीएत एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. पोरसवदा वयात त्याला शिकायला फ्लोरिडाला जावं लागलं, कारण मोठ्या मुलाला काय शिकवायचं याची व्यवस्था इथे नव्हती.

बोगट मायदेशी सिडनी किंग्जकडून २०१८-१९ चा मोसम खेळला. गुणांची सरासरी अकराच्या आसपास. तरीही ऑस्ट्रेलियाच्या लीगने त्याला सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही मान दिले. त्याच मार्चमध्ये वॉरियर्सनी त्याला परत बोलावून घेतलं. गुणांच्या रकान्याबाहेरचं हे काम आता मोजलंही जातं : एनबीएने तर २०१६ पासून स्क्रीनवरून निघालेल्या बास्केटांची मोजणी सुरू केली आहे.

आपल्या तालुक्यातल्या शालेय सामन्यांत गुणतक्ता लिहिणाऱ्याच्या हाती वही-पेनच असतं. त्या वहीत गुणांशेजारी आणखी एक उभी रेघ मारा : कोणाच्या स्क्रीनवरून, कोणाच्या पासवरून बास्केट झालं. सामना संपल्यावर तो रकाना सगळ्यांसमोर वाचून दाखवा. यंदाच्या स्पर्धांपासूनच हे करता येईल.