वॉटच्या वाटेला जाऊ नका

माणसाने आयुष्यात दोन ठिकाणी आकड्यांवर विश्वास ठेवू नये. एक, लग्न जमवताना मध्यस्थाने सांगितलेल्या पगारावर. आणि दुसरे, ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर छापलेल्या वॉटवर. पहिल्या बाबतीत माझ्या सासऱ्यांची फसगत झाली. दुसऱ्या बाबतीत माझी होता होता राहिली. सासऱ्यांचे आता काही करण्यासारखे उरलेले नाही. पण निदान दुसरी फसगत कुणाची तरी टळावी, म्हणून हा प्रपंच.

झाले असे की, आमच्या धाकट्या मेहुण्यांची दुबईला बदली झाली. घर रिकामे करताना त्यांनी फ्रीज मित्राला दिला, कुंड्या शेजाऱ्यांना दिल्या आणि दोन प्रचंड स्पीकर "घरातल्या घरात राहू देत" म्हणून निम्म्या किमतीत मला दिले. (घरातल्या घरात व्यवहार झाला की पावती मागता येत नाही, हा नियम बी.कॉम.ला शिकवत नाहीत.) स्पीकर हॉर्नचे. हॉर्न म्हटल्यावर सौ.ने "म्हणजे रिक्षाचा?" असे विचारून घेतले. रिक्षाचा नव्हे. कमरेच्या वर येणारी लाकडी पेटी, खाली दोन मोठे कोन आणि वर चौकोनी तोंडाचा कर्णा. ग्रामोफोनच्या कर्ण्याचा हा शिकलासवरलेला नातू.

पेट्या हॉलमध्ये टेकवता टेकवता मेहुणे म्हणाले, "दाजी, एक सांगून ठेवतो. हे रेसचे घोडे आहेत. तुमच्या त्या होम थिएटरच्या रिसीव्हरला झेपायचे नाहीत. दीडशे-दोनशे वॉटचा वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर घ्या, नाहीतर यांचं चीज नाही व्हायचं." एवढे बोलून ते विमानतळावर गेले. सल्ला देऊन देश सोडणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

मी दुकानात गेलो. स्पीकर कुठले ते सांगितल्यावर दुकानदाराने क्षणभर डोळे मिटले. रिपोर्ट वाचून डॉक्टर मिटतात तसे. "साहेब, शंभर वॉटच्या खाली विचारसुद्धा करू नका. आणि वॉट काय, कधी जास्त होत नाहीत!" मग त्याने एक काळा ठोकळा दाखवला. किंमत ऐंशी हजार. "हप्त्याने घ्या, व्याज शून्य!"

इथे तो चुकला. शून्य व्याज हे शब्द त्याने बँकेतल्या माणसापुढे उच्चारले. ज्याचे व्याज शून्य, त्याचे वॉटही एकदा तपासून पाहावेत, असे माझ्या मनाने घेतले. दुसरे म्हणजे, ऐंशी हजार ही रक्कम माझ्या ओळखीची होती. नेमकी तेवढीच मी आईच्या श्रवणयंत्रांसाठी बाजूला ठेवली होती. आईचे म्हणणे, "मला काय ऐकायचंय आता? तुझी हौस कर." आई असे म्हणाली की मुलाने हौस करू नये, एवढे मला कळते. पण मोह वाईट. "उद्या येतो" म्हणून मी बाहेर पडलो आणि रात्री पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर हिशेब मांडला. तोच इथे देतो.

स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' नावाची एक ओळ असते. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येईल, ते ती सांगते. दुकानदार ही ओळ मोठ्याने वाचत नाहीत. साध्या स्पीकरचा हा आकडा 88 च्या आसपास असतो. माझ्या कर्ण्यांचा 98. तुम्ही म्हणाल, अठ्ठ्याऐंशी काय नि अठ्ठ्याण्णव काय, दोघेही फर्स्ट क्लास. इथेच गोम आहे. डेसिबलच्या राज्यात तीन गुण वाढवायला वॉट दुप्पट लागतात आणि दहा गुण वाढवायला दहापट. म्हणजे साधा स्पीकर दहा वॉट खाऊन जेवढे ओरडतो, तेवढे कर्णा एका वॉटवर ओरडतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर वॉट म्हणजे मुद्दल आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे व्याजाचा दर. दर दहापट मिळत असताना मुद्दलही दहापट भरा म्हणणारा माणूस तुमचा हितचिंतक नव्हे, तो एजंट आहे.

यात जादू काही नाही. नदीपलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण दोन्ही हात तोंडाभोवती धरतो. फुफ्फुसे तीच, पण हवेवरची पकड सुधारते आणि आवाज जिकडे हवा तिकडे जातो. कर्णा तेच करतो, आणि खालचे मोठे कोन त्याला साथ देतील असेच निवडलेले असतात. साधा स्पीकर मिळालेल्या विजेतल्या जेमतेम एक टक्क्याचा, बहुधा त्याहूनही कमी भागाचा आवाज करतो. बाकी सगळी उष्णता. शंभरातले नव्याण्णव रुपये बुडवणाऱ्या अशा खातेदाराला वाढीव कर्ज लागते, हे मी समजू शकतो. पण जो थोडक्यात संसार करतो, त्याच्या गळ्यात कर्ज का बांधता?

आता आमचा हॉल. कोच स्पीकरपासून तीन मीटरवर. अंतरापायी मोकळ्या मैदानात साडेनऊ डेसिबल घटतील. घरात भिंती असल्याने त्याहून कमीच. दोन स्पीकर मिळून तीन परत येतात. म्हणजे एका वॉटमध्ये कोचावर सुमारे 92 डेसिबल शिल्लक. साधे बोलणे असते साठच्या आसपास. आमच्याकडे सिनेमा चालतो पंचाहत्तरवर. त्याला लागतो वॉटचा पन्नासावा भाग. मध्येच ढोल वाजला, बॉम्ब फुटला आणि आवाज एकदम वीस डेसिबलने चढला, तरी दोन वॉट. थिएटरच्या प्रमाणात एका चॅनेलची शिखरे 105 डेसिबलपर्यंत जातात. ती हौस घरात भागवायची तर वीस वॉट. आणि भागवली, तर सोसायटी मला घरात ठेवणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालून दिलेली आहे. आमच्या सेक्रेटरींना ती पाठ आहे.

कुणी चाणाक्ष वाचक विचारील, "छापील आकड्यांवर विश्वास ठेवू नका म्हणता, मग तो 98 तरी कुणी छापला?" बिनतोड! हाही आकडा कंपन्या जरा हात सैल सोडूनच छापतात. म्हणून मी त्यातून चार वजा केले. तरीही ते वीस वॉट वाढून पन्नास होतात, आणि माझ्या जुन्या रिसीव्हरवर लिहिले आहे 80. आता त्या 80 च्या खालीही बारीक टाइपात 'दोन चॅनेल चालू असताना' असे असते. पाचही चॅनेल एकदम जोराने चालवले तर प्रत्येकाच्या वाट्याला बरेच कमी येते, कारण पाच शेगड्यांना सिलिंडर एकच. पण ज्यांना भाताएवढीच आच लागते, त्यांना त्याचे काय?

शिवाय खर्जातले खर्चिक काम मुळी या स्पीकरांकडे ठेवायचेच नाही. रिसीव्हरच्या यादीत स्पीकर 'स्मॉल' म्हणून नोंदवायचे आणि 80 हर्ट्झच्या खालचा भार सबवूफरवर टाकायचा. त्याचा ॲम्प्लिफायर त्याच्याच पोटात असतो. कमरेवर येणाऱ्या पेटीला स्मॉल म्हणताना जीभ अडखळते खरी. पण साहेबाच्या दोन वर्षांच्या बाबाला 'अहो' म्हणणाऱ्या माणसाला ते अवघड नाही.

मी एकांगी नाही. स्पीकर 85-86 चा आणि खोली दिवाणखान्याएवढी असेल, तर वॉट जरूर घ्या. तिथे ते कामाला येतात. काही कर्णेवाल्या पेट्यांवर 8 ओहम छापलेले असते आणि काही सुरांना त्या 4 च्याही खाली उतरतात. तिथे मुळूमुळू रडणारा रिसीव्हर चालत नाही. हेही मान्य. पण माझा झगडा वॉटशी नाही. 'वॉट कधी जास्त होत नाहीत' या वाक्याशी आहे. होतात! खिशातून जातात तेव्हा तर फारच होतात. आणि पन्नास वॉटचे शंभर केल्याने कानाला मिळतात तीनच डेसिबल. जेमतेम जाणवतील इतपत.

हा कर्णा घराघरात मानाने बसवणारा गृहस्थ अमेरिकेतला, पॉल क्लिप्श. अर्कान्सास राज्यातल्या होप नावाच्या गावी, लष्कराच्या तोफा तपासायच्या मैदानावर तो महायुद्धात अधिकारी होता. 1946 साली त्याने तिथेच आपली कंपनी काढली. खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा, दोन भिंतींनाच कर्ण्याचा भाग करणारा त्याचा स्पीकर त्या काळात निघाला, जेव्हा घरच्या ॲम्प्लिफायरची ताकद दहा-वीस वॉटच्या घरात असे. थोडक्यात, गरिबीतून आलेली ही हुशारी. आज तिच्याच नावाने श्रीमंती विकली जाते आहे! हा क्लिप्श आपल्या कोटाच्या कॉलरखाली एक पिवळा बिल्ला लावत असे. समोरचा भंपक दावे करू लागला की कॉलर उलटून तो दाखवायचा. बिल्ल्यावर अस्सल अमेरिकन शिवी. सभ्य मराठीत, 'थापा!' दुकानात त्या दिवशी माझ्या अंगात कोट नव्हता, याची मला अजून हळहळ वाटते.

मग रिसीव्हर निवडताना पाहायचे काय? वॉट नव्हे, शांतता. शेवटचा शंभरावा वॉट कसा आहे याच्याशी कर्णेवाल्याला कर्तव्य नाही, कारण त्याची भेटच व्हायची नाही. जन्म जायचा तो पहिल्या वॉटबरोबर. तो स्वच्छ हवा. कर्णा जसा सूर मोठा करतो, तसा ॲम्प्लिफायरच्या पोटातला 'सूंऽऽ'ही मोठा करतो. साध्या स्पीकरवर जो आवाज मुंगीच्या पावलाने येतो, तो इथे चपला घालून येतो. तेव्हा दुकानात गाणे ऐकू नका. काही न वाजवता, आवाज शून्यावर ठेवून, आपल्या कर्ण्याला कान लावा. आधी हातभर अंतरावरून, मग आपल्या बसायच्या जागेवरून. तिथे सूं ऐकू आला तर दोनशे वॉट असोत की दोन हजार, नमस्कार करून बाहेर या. वॉट वाढवल्याने सूं कमी होत नाही, कधीकधी वाढतो. एवढी तपासणी करायला माहितीपत्रक लागत नाही, हप्ते लागत नाहीत, कान लागतात.

आणि कानावरून आठवले. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो नाही. जुन्याच रिसीव्हरला कर्णे जोडले, त्याच्याबरोबर आलेला मायक्रोफोन कोचावर ठेवून मोजमाप केले. यंत्राने आपणहून दोन्ही कर्ण्यांची पातळी उणे नऊवर आणून ठेवली. म्हणजे रिसीव्हर हात जोडून सांगत होता, बाबा, तुझे वॉट मला जास्त होताहेत! ऐंशी हजारांची आईला श्रवणयंत्रे घेतली.

रविवारी दुपारी नाटकाचे जुने रेकॉर्डिंग लावायचे ठरले. आई उजव्या स्पीकरशेजारच्या तिच्या खुर्चीत येऊन बसली. मी अजून काही सुरू केले नव्हते. तिने मान वळवली, कर्ण्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, यात काहीतरी सूं वाजतंय बघ."

सहा वर्षांनी तिने काहीतरी माझ्याआधी ऐकले होते. मी तिची खुर्ची उचलून कोचाजवळ आणली. "आता?"

"आता नाही," ती म्हणाली. "लाव नाटक. आणि आवाज कमी ठेव हो. मला ऐकू येतं."