बेटावर काय काय करावं?

मागच्या महिन्यात पुण्याहून मामेबहिणीचा फोन आला. "भाईजान, दिवाळीच्या सुट्टीत लक्षद्वीपला जायचं ठरतंय. तुम्ही जाऊन आलात ना? तिथं करण्यासारखं काय काय आहे, सगळी यादी पाठवा. मुलांना कंटाळा यायला नको."

तिनं स्वतःच एक यादी आधी मिळवली होती. स्कूबा, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना बोट, ग्लास बॉटम बोट, सनसेट फोटोशूट. अशी यादी गोव्याला, अंदमानला, मालदीवला, बालीला कुठंही चालते. बेटाचं नाव तेवढं बदलायचं. मी तिला फोनवर दहा मिनिटांत उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून हा लेख.

सुरुवातीला थोडा भूगोल. लक्षद्वीप म्हणजे ३६ बेटं, सगळी मिळून जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर. माणसं राहतात ती १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या होती ६४,४७३. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. त्यातले ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान, आणि मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात. भाषा मल्याळमची एक बोली. फक्त मिनिकॉय बेटावर महल, जी मालदीवच्या दिवेहीची बहीण. जायला परवाना लागतो, विमान कोचीहून अगत्तीला उतरतं, नाहीतर कोचीहून बोट.

हे सांगायचं कारण असं की जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले स्नॉर्कलिंगचे आणि किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसल्याचे फोटो आले आणि आठवडाभर देशाला फक्त लक्षद्वीपच दिसत होतं. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर अश्लाघ्य शेरेबाजी केली, त्यांना निलंबित करावं लागलं, इकडे मालदीव बहिष्काराचा हॅशटॅग चालला. २०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, दोन लाखांहून अधिक. ते सगळे आता लक्षद्वीपला वळवायचे, असा एकूण सूर होता. माझ्या वॉट्सअ‍ॅप गटांतही निळ्या पाण्याचे फोटो फिरत होते. त्या शेकडो फोटोंत मला तिथला एकही माणूस दिसला नाही. ना मच्छीमार, ना शाळेतली पोरं, ना मशिदीबाहेर बसलेले म्हातारे. वाळू, पाणी, नारळ आणि आपण. जणू ते बेट रिकामंच होतं आणि आपल्यासाठी राखून ठेवलं होतं.

माझी पहिली सूचना म्हणून हीच. बेटावर गेल्यावर सर्वात आधी ते कुणाचं तरी गाव आहे हे पाहा. सकाळी उठून पायी फिरा. अगत्तीसारखं बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सकाळच्या चालण्यात संपतं. मध्ये मध्ये तर दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. वाटेत मदरशाला निघालेली मुलं भेटतात, नारळ सोलणारे भेटतात, सलाम केला तर हसून उत्तर देतात. आम्हाला तिथं भाषा येत नव्हती. "अस्सलामु अलैकुम" एवढ्यावर चार दिवस गेले. सलाम न करणाऱ्यांनी नुसतं हसावं, तेही पुरतं.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची आहे आणि ती आपल्याच घरांसाठी आहे. बायकांनी पाण्यात उतरावं.

आम्ही २०२२ च्या डिसेंबरात गेलो होतो, अम्मीसह आठजण. पहिल्या दिवशी मी, माझे दोन भाचे आणि बहिणीचा नवरा असे चौघं लाइफ जॅकेट घालून पाण्यात. बाहेर आलो तेव्हा अम्मी, बहीण, माझी बायको आणि भाची वाळूवर एका रांगेत बसल्या होत्या. मांडीवर आमचे टॉवेल, हातात आमचे मोबाइल, शेजारी आमच्या चपला. कुणी त्यांना मना केलं नव्हतं. कुणी या म्हणूनही म्हटलं नव्हतं. मी माझ्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "कपडे कुठले घालणार? आणि सगळे बघतात." मला तेव्हा कळलं की बॅगा भरताना आम्ही पुरुषांसाठी पोहायचे कपडे घेतले होते, बायकांसाठी घेतले नव्हते. घरून निघतानाच त्या किनाऱ्यावर बसणार हे ठरून गेलं होतं. ते मी ठरवलं नव्हतं, पण मी ते बदललंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. पाणी दूरवर मागं गेलं होतं आणि गुडघाभर पाण्यात एक बाई, अम्मीच्याच वयाची, डोक्यावर ओढणी घट्ट बांधून, हातात लोखंडी सळई घेऊन खडकांच्या फटी तपासत चालली होती. ती ऑक्टोपस पकडत होती. लक्षद्वीपमध्ये ओहोटीच्या वेळी बायका-मुलं असे ऑक्टोपस पकडतात, ती तिथली रोजची गोष्ट आहे. तिनं एक पकडला, पिशवीत टाकला, आमच्याकडे बघून हात हलवला. अम्मी थोडा वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ती काय पोहायचे कपडे घालून आलीय का?" आणि सलवार वर खोचून त्या पाण्यात शिरल्या. वय वर्षं एकसष्ठ. जन्म सोलापूरचा. समुद्र पहिल्यांदा अंगाला लागत होता.

त्यानंतरच्या दोन दिवसांत घरातल्या सगळ्या बायका पाण्यात होत्या. भाचीनं तर स्नॉर्कल मास्क सोडलाच नाही.

कपड्यांचा प्रश्न खरा आहे, तो नाकारू नये. सुती सलवार-कमीज भिजली की जड होते, पायात अडकते, खोल पाण्यात धोक्याची ठरते. अंगभर पोहण्याचे पातळ, चटकन वाळणारे कपडे आता सगळीकडे मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या आहेदा झानेत्ती यांनी बुर्किनी तयार केली त्याला वीस वर्षं होऊन गेली. ज्या बाईला ती घालायची आहे तिनं घालावी, जिला साधा टी-शर्ट आणि ट्रॅकपँट बरी वाटते तिनं ती घालावी, आणि जिला पोहण्याचा नेहमीचा पोशाख हवा तिनं बेटाचे नियम पाहून जिथं चालतो तिथं तो घालावा. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या काही गावांनी किनाऱ्यावर बुर्किनीला बंदी घातली होती. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं त्या ऑगस्टमध्ये अशा एका बंदीला स्थगिती दिली. कुणी म्हणतं झाक, कुणी म्हणतं उघड. दोन्हींत बाईला समुद्राची मजा यावी असं कुणी म्हणत नाही.

आपल्यातले काही म्हणतील, हे सगळं दीनला धरून आहे का? पैगंबर आणि हजरत आयेशा यांनी प्रवासात धावण्याची शर्यत लावल्याचं हदीसमध्ये येतं. एका शर्यतीत आयेशा जिंकल्या, नंतरच्या एका शर्यतीत पैगंबर. ही हदीस आपल्या तकरिरींमध्ये फार कमी ऐकू येते. नवरा-बायकोनं मिळून खेळणं, हसणं, हरणं-जिंकणं यात दीनचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आपल्या सवयींचं.

आणि लक्षद्वीपला जाऊन बायकांना किनाऱ्यावर बसवणं तर दुहेरी गमतीचं आहे. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे, माहेरच्या आंबर्डेकर, म्हणजे मराठी घरातल्याच, यांचं १९६९ सालचं पुस्तक कल्पेनी बेटावरच्या मातृवंशीय मुसलमान समाजावर आहे. तिथं घराणं आईकडून चालत आलं. वडिलोपार्जित मालमत्ता आईच्या वंशात जायची, तिला 'शुक्रवारची मालमत्ता' म्हणत. स्वतः कमावलेली ती 'सोमवारची', तिची वाटणी शरियतप्रमाणे. लग्न झालं तरी बाई आपल्या घरीच राहायची आणि नवरा रात्री तिच्या घरी यायचा. पाच वेळचे नमाजी लोक, आणि घर मात्र बाईचं. 'मुसलमान बाई' म्हटलं की आपल्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांपुढं एकच चित्र येतं, आणि खरं सांगायचं तर आपल्याही. कल्पेनीत ते चित्र कुठंच बसत नाही.

आता पाण्याखालच्या गोष्टी. स्नॉर्कलिंग जरूर करा. पोहता येत नसलं तरी जॅकेट घालून उथळ खाजणात तरंगत खाली बघता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, प्रवाळ हा दगड नसतो. तो लाखो छोट्या जिवांचा संसार असतो. त्यावर उभं राहिलं, हात लावला की ते मरतात. आमच्याबरोबरचे एक गृहस्थ फोटोसाठी प्रवाळावर उभे राहिले. वाटाड्या पोरानं त्यांना खाली उतरवलं तर ते म्हणाले, "पैसे दिलेत." पैसे बोटीचे दिले होते. मेलेला प्रवाळ किंवा शंख पिशवीत घालून आणू नका, प्रवाळ नेणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. काही सनस्क्रीनमधल्या रसायनांमुळे प्रवाळाला धोका असल्यानं अमेरिकेतल्या हवाई राज्यानं २०२१ पासून त्यांची विक्री थांबवली आहे. इथं आपल्या बुर्किनीवाल्या बायका सर्वांत पुढं आहेत, हे हसत हसत सांगायला हरकत नाही.

हे नखरे नाहीत. ही बेटंच प्रवाळाची बनलेली आहेत. पायाखालची पांढरी वाळू म्हणजे प्रवाळाचा चुरा. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये समुद्र तापून इथले प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळाची भिंत गेली तर लाटा थेट घरांवर येतील. पिण्याचं पाणीही तसंच नाजूक. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत असतो, जास्त उपसला की विहीर खारट होते. हॉटेलातला लांबलचक शॉवर तिथं कुणाच्या तरी विहिरीतून येतो. मराठवाड्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

म्हणूनच मला 'लक्षद्वीपचं मालदीव करू' ही घोषणा ऐकली की धास्ती वाटते. मालदीवमध्ये १९७२ पासून पर्यटन सुरू झालं ते 'एक बेट, एक रिसॉर्ट' या पद्धतीनं. पर्यटक एका बेटावर, गावकरी दुसऱ्या. दारू रिसॉर्टवर, गावात नाही. तिथं हजाराहून अधिक बेटं आहेत म्हणून हे जमलं. छत्तीस बेटांत ते कसं जमणार? २०२१ मध्ये प्रशासनानं विकास प्राधिकरणाचा मसुदा आणला. त्यात विकासासाठी जमीन घेण्याचे मोठे अधिकार होते. सोबत गोमांसबंदीचा मसुदा, दोनपेक्षा अधिक मुलं असणाऱ्यांना पंचायत निवडणुकीतून वगळण्याचा मसुदा. तेव्हा ७ जूनला बेटावरच्या लोकांनी घराघरांतून बारा तासांचं उपोषण केलं. ती बातमी आपल्याकडे दोन दिवस चालली. निळ्या पाण्याचे फोटो मात्र अजून चालू आहेत.

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. तिथल्या तरुणांना काम हवं आहे, आमचा वाटाड्या पोरगाही तेच सांगत होता. पण बोट त्याची असावी, खोली त्याच्या मावशीची असावी, आणि किती लोक यावेत हे ठरवताना त्याला विचारलेलं असावं. पर्यटकाच्या हातात एवढंच आहे की पैसे खर्चताना तो ते कुणाला देतो.

तर बहिणी, ही तुझी यादी. ओहोटीला खाजणात चाल. मास्क लावून पाण्याखाली बघ, हात मागं बांधून. मिनिकॉयपर्यंत पोचलात तर टूना पकडणारी बोट बघा. तिथं जाळं नाही, काठी आणि गळ वापरतात, एका वेळी एक मासा, त्यामुळे कासव-डॉल्फिन फुकट मरत नाहीत. तिथंच १८८५ चं दीपगृह आहे. कवरत्तीला उज्रा मशिदीचं लाकडी कोरीवकाम बघा. सुकवलेल्या टूनाची चटणी खा. प्लास्टिकच्या बाटल्या परत पुण्याला आणा, तिथं त्या टाकायला जागा नाही. एक संध्याकाळ काहीच करू नका. मुलांना कंटाळा आला तर येऊ दे. कंटाळलेली मुलंच खेकड्यांच्या मागं लागतात.

आणि बॅग भरताना मुमानीसाठी पोहायचे कपडे पहिल्यांदा ठेव. बाकी काही विसरलीस तरी चालेल.