टॅपेटचा तंटा

दसऱ्याला झेंडूचा हार चालत्या गाडीलाच घालायचा, असा आमच्या शेजारच्या काकांचा नियम. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दारात वडिलांच्या वेळची फियाट उभी आहे. इंजिन १०८९ सीसीचे. यंदा श्रावणापासून त्यातून टकटक ऐकू येऊ लागली. टॅपेट दोनतीनदा लावून झाले, तरी एक सिलिंडर काही जोर धरीना. शेवटी मिस्त्रींनी डायल गेज लावून आठही व्हॉल्व्हची उचल मोजली, तेव्हा एक व्हॉल्व्ह इतरांपेक्षा कमी उघडतो असे दिसले. कॅमशाफ्टचा उंचवटाच झिजला होता!

इंजिन उघडायचे ठरले आणि बापलेकांत तंटा पेटला. लेक म्हणे, “बाबा, उघडतोच आहोत तर रोलर टॅपेट बसवू.” काका म्हणत, “कंपनीने चपटे दिले, तेच राहू दे.” निवाडा माझ्याकडे आला.

पुणेकरांना हा तंटा नवाच वाटेल. आपली एक अख्खी पिढी टू-स्ट्रोक चेतकवर फिरली, आणि त्या इंजिनाला कॅमशाफ्टच नव्हता. मग टॅपेट कुठले?

चपटे टॅपेट सहसा अगदी चपटे नसते. त्याचा तळ किंचित फुगीर, तर कॅमचा उंचवटा किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे टॅपेट वरखाली होताना स्वतःभोवती गिरकी घेते आणि घर्षण एकाच जागी होत नाही. गिरकी थांबली, की झीज झपाट्याने होते.

रोलर टॅपेटच्या तळाशी लहानसे चाक असते. ते सुयांसारख्या बारीक बेअरिंगवर फिरते. घर्षण कमी होते, व्हॉल्व्ह अधिक चपळाईने उघडता येतो. अमेरिकेतल्या आठ सिलिंडरी मोटारींत १९८० च्या दशकात ही टॅपेटे कारखान्यातूनच येऊ लागली. लेकाचे म्हणणे, तेव्हा, अगदीच पोरकट नव्हते.

पण या टॅपेटने गिरकी घेऊन चालत नाही. चाक कॅमच्या रेषेत धरून ठेवणारी पट्टी लागते. चपट्यासाठी घासलेल्या कॅमवर रोलर चालत नाही, कारण आकार वेगळा आणि धातूही वेगळा. पुशरॉड आणि स्प्रिंगाही बदलाव्या लागतात. तयार संच मिळतात ते मुख्यतः त्या अमेरिकी इंजिनांचे. फियाटसाठी एकेक तुकडा घडवून घ्यावा लागेल. त्यातून बेअरिंग फुटले, तर त्याचा चुरा तेलाबरोबर इंजिनभर फिरणार. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी येणे थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ब्लॉक बिघडला तर दुसरा आणायचा कुठून?

म्हणून मी काकांच्या बाजूने कौल दिला, पण तीन अटींवर. पहिली, नव्या कॅमवर जुनी टॅपेटे बसवायची नाहीत. ती एकमेकांना घासून खातात. दुसरी, इंजिन सुरू होताच ते मंद सोडायचे नाही. कॅमला बरेचसे तेल शिंतोड्यांनीच मिळते, म्हणून पहिली वीस मिनिटे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालवायचे. तिसरी, तेल झिंक-फॉस्फरस पुरेसे असलेले घ्यायचे. नव्या गाड्यांच्या तेलांत ते कमी केले आहे, कारण धूर शुद्ध करणारे उपकरण त्याने निकामी होते. काकांच्या गाडीला ते उपकरणच नाही.

लेकाने तोंड पाडले, पण नाना पेठेत हिंडून सामान त्यानेच जमवले. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी इंजिन सुरू झाले. (दुपारी एक ते चार ही वेळ मीच वर्ज्य केली होती.) काकांचा पाय ॲक्सिलरेटरवर आणि लेकाची नजर घड्याळावर. वीस मिनिटे दोघे एका शब्दाने भांडले नाहीत. मग काकांनी पाय उचलला. इंजिन मंद झाले. टकटक नव्हती.

“उद्या हार घातल्यावर पहिली फेरी तू मार,” असे म्हणून काकांनी किल्ली लेकाच्या हातावर ठेवली.