चामडे वाळविण्याची पेटी

शाळांतून हस्तव्यवसाय शिकवावेत, ह्या मताला आज सहसा कोणी विरोध करीत नाही. परंतु सुतारकाम, शिवणकाम व बागकाम ह्यांची नावे घेऊन झाल्यावर कोणी चर्मकामाचे नाव काढले की सभा स्तब्ध होते. हे मौन आम्हांस खटकते. प्रत्येक हायस्कुलात चामडे वाळविण्याची एक घरगुती पेटी असावी, आणि ती सर्व जातींच्या मुलामुलींनी मिळून तयार करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वडीगोद्रीच्या आसमंतात ऊस आहे, आणि जेथे ऊस तेथे कोयता आहे. उघडा कोयता बाळगणे धोक्याचे. म्हणून त्याला म्यान करावे असे आम्ही ठरविले. बाभळीच्या सालीत कमावलेले चामडे पाण्यात भिजवून लाकडी फरम्यावर दाबून बसविले, म्हणजे वाळल्यावर ते तोच आकार धरून राहते. मात्र खरी मेख वाळविण्यातच आहे. आमची पहिली दोन म्याने आम्ही वैशाखाच्या उन्हात पत्र्यावर ठेवली. सायंकाळी ती वाकडी व ठिसूळ झालेली आढळली. पुढे श्रावणात तिसरे म्यान घरात टांगले, तर त्याला बुरशी आली.

ह्याची कारणे विचार करण्याजोगी आहेत. कडक उन्हात वरचा थर आधी वाळून आकसतो व आतला ओलाच राहतो. शिवाय वेगाने बाहेर येणारे पाणी सालीचा सुटा अर्क पृष्ठभागावर आणून सोडते, त्यामुळे चामडे काळवंडते व तडकते. पावसाळ्यात याच्या उलट होते. हवाच ओलाव्याने भरलेली असल्यामुळे ती चामड्यातील पाणी घेत नाही.

ह्या दोन्ही संकटांवर पेटी हा उपाय आहे. मोसंबीचे जुने लाकडी खोके घ्यावे व त्याच्या फटी कागद चिकटवून बुजवाव्यात. तळाशी ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लाकडापासून दूर बसवावा. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब फारशी देत नाहीत. दिव्यावर पत्र्याचा आडोसा व त्याच्या वर वीतभर अंतरावर जाळी ठेवावी. खाली व वर भोके पाडावीत, म्हणजे ऊन हवा वर निघून जाईल व ताजी हवा आत येईल. २७ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३७ अंशांवर नेली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली येते. पेटीचे सारे रहस्य एवढेच. आत उष्णतामापक टांगून पारा ४० अंशांच्या आसपास राखावा. उन्हाळ्यात दिवा लावूच नये. सावली व खेळती हवा पुरते. वीजजोडणी शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावी, आणि पेटत्या दिव्यावर सतत कोणाची तरी नजर असावी.

कोणी म्हणतील, एवढ्यासाठी प्रयोगशाळा आहेच. खरे आहे, पण पुस्तकातली आर्द्रता आणि हातातले म्यान ह्यांची गाठ ही पेटी घालून देते. दुसरा लाभ याहून मोठा आहे. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० साली अस्पृश्यता कायद्याने नष्ट केली; परंतु चामड्याला हात लावताना अजून कित्येकांचे मन आखडते, आणि ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या ही विद्या नांदली त्यांची मुले ती सांगण्यास लाजतात. ही लाज त्यांची नव्हे, आपली आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र यापो येथे शिमोन नावाच्या चामडे कमावणाऱ्याच्या घरी पुष्कळ दिवस राहिला, आणि कोणाही मनुष्यास अशुद्ध म्हणू नये हे त्याला त्याच घराच्या धाब्यावर उमगले. दक्षिण आफ्रिकेत मरियनहिल मठातील ट्रॅपिस्ट संन्याशांकडे कॅलनबाख चपला करण्यास शिकले, त्यांच्याकडून गांधीजी शिकले, आणि गांधीजींनी ती कला इतरांस शिकविली. बॅरिस्टरास ह्या कामाची लाज वाटली नाही, मग मॅट्रिकच्या विद्यार्थ्यास का वाटावी?

म्हणून आमची सूचना अशी : आरी व रापी चालविणाऱ्या गावातील कारागिरास शाळेने मानधन देऊन बोलवावे, त्यांस ‘गुरुजी’ म्हणावे, आणि पहिली पेटी त्यांच्या हाताखाली करावी. त्या पेटीत चामडे वाळेल. आपल्या मनातील जुनी ओलही थोडी वाळली, तर श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.